वीस तासांचा हिशोब आपण कधी मांडणार?



मागच्या महिन्यात नालासोपारा पूर्वेला आमच्या विहारातला रविवारचा अभ्यासवर्ग संपला आणि एका मुलीचे वडील माझ्यापाशी थांबले. वालीवच्या एका गाळ्यात ते मशीनवर काम करतात. हातात कुठल्याशा कन्सल्टन्सीचे पत्रक होते. पोरगी पदवीधर झालेली, इंग्लंडला मास्टर्स करायला निघालेली. पत्रकावर ठळक अक्षरांत छापले होते की आठवड्याला वीस तास कामाची परवानगी आहे, शिकता शिकता कमवा, खर्चाची चिंता सोडा. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "सर, वीस तासांत भागतं का हो तिचं?"

मी त्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. तो पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तोच हिशोब आज तुमच्यापुढे ठेवतो आहे, कारण वसई-विरारमधून परदेशी शिकायला जाणारी आपली पोरे वाढली आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण अभिमानाच्या भरात फ्लेक्स लावायला जेवढी माणसे जमतात, तेवढी हिशोबाला जमत नाहीत.

नियम नेमका काय आहे?

पत्रकवाले नियम अर्धाच सांगतात. पूर्ण नियम असा. ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यापुढच्या शिक्षणासाठी स्टुडंट व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येते. आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार. या आठवड्यात पंचवीस आणि पुढच्या आठवड्यात पंधरा, अशी सरासरी चालत नाही. दोन ठिकाणी काम केले तर दोन्हीकडचे तास एकत्र मोजतात. बिनपगारी काम केले तरी ते याच वीस तासांत धरले जाते. स्वतःचा धंदा करता येत नाही. मोबाइल ॲपवरून घरोघर जेवण पोचवणाऱ्याला कंपनी कामगार न मानता स्वतंत्र व्यावसायिक मानते, म्हणून तसले काम या व्हिसावर बंद आहे. दुसऱ्याच्या नावाचे खाते भाड्याने घेऊन ते काम करणे म्हणजे तर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे आहे.

आणखी एक गोष्ट कोणीच सांगत नाही. आपल्या पोरांना वाटते की उन्हाळ्याच्या सुटीत तीन महिने पूर्ण वेळ काम करू आणि पैसे उभे करू. ही सुटी पदवीच्या विद्यार्थ्यांची. आपली बहुतेक पोरे एक वर्षाच्या मास्टर्सला जातात. त्यांचा प्रबंध लिहिण्याचा काळ नेमका उन्हाळ्यातच येतो आणि तो सत्रातच मोजला जातो. म्हणजे उन्हाळ्यातही वीस तासांचीच मर्यादा.

इतर देशांचे आकडे थोडे वेगळे आहेत. कॅनडात कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर सत्रात २० तास, आणि साधारणपणे तेही कॅम्पसवरच. आकडे बदलतात, पण प्रश्न सगळीकडे तोच राहतो.

आता हिशोब

एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये २१ वर्षे आणि त्यावरील कामगाराचा किमान वेतनदर तासाला १२.२१ पौंड झाला. वीस तासांचे झाले २४४ पौंड. एकही आठवडा खाडा न करता, एकही शिफ्ट न हुकता, महिन्याचे झाले सुमारे १,०५८ पौंड.

खर्चाचा आकडा मी माझ्या मनाने धरत नाही. ब्रिटिश सरकारचाच घेतो. व्हिसा देताना ते सरकार विद्यार्थ्याला विचारते, राहण्या-खाण्यापुरते पैसे आहेत का? नोव्हेंबर २०२५ पासून त्यासाठी ठरवलेली रक्कम लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे. असे नऊ महिन्यांचे पैसे दाखवावे लागतात.

मित्रांनो, हे दोन आकडे शेजारी ठेवा. कमाई १,०५८. खर्च लंडनबाहेरसुद्धा १,१७१. ज्या सरकारने वीस तासांची मर्यादा घातली, त्याच सरकारच्या आकड्याप्रमाणे वीस तासांत पोटही पूर्ण भरत नाही. फीचा तर यात एक पौंडही धरलेला नाही. शिवाय पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी काम मिळत नाही, आणि परीक्षेच्या आठवड्यात वीस तास उभे राहणे शक्य होत नाही. "पार्ट टाइम करून फी फेडू" हे वाक्य जो कोणी तुमच्या आईवडिलांसमोर बोलेल, तो एक तर अडाणी आहे किंवा लबाड.

एकविसावा तास कोणाला लागतो?

नियम सगळ्यांना सारखाच आहे, मग यात जात कुठून आली, असे काही मित्र विचारतील. समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला नेमके याच ठिकाणी थांबावेसे वाटते.

ज्या घरात दुसरा फ्लॅट आहे, गावी बागायत आहे, काका अमेरिकेत आहेत, त्या घरच्या मुलासाठी वीस तासांची कमाई म्हणजे हातखर्च. काम सुटले तर बाप पैसे पाठवतो. परीक्षा आली तर तो महिनाभर काम सोडू शकतो. आपल्या पोराचे तसे नाही. आपल्याकडे घर आहे, पण त्या घराचे कागद कुठे आहेत? २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी भागातल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशावरून पाडण्यात आल्या. हप्ते फेडून घेतलेली घरे लोकांच्या डोळ्यांदेखत मातीत गेली. अशा इमारतीतली खोली तारण ठेवून कोणती बँक मोठे शैक्षणिक कर्ज देईल? मग महागड्या व्याजाचे खासगी कर्ज काढले जाते, पतपेढी होते, आईचे दागिने जातात, बापाचा पीएफ निघतो. पोरगा विमानात बसतो तेव्हाच त्याच्या डोक्यावर पहिला हप्ता बसलेला असतो.

अशा पोराला एकविसावा तास लागतो. विसाव्या तासाला घड्याळ बघून घरी जाणे त्याला परवडत नाही. नियम दोघांना सारखा आहे, पण एकाला तो फक्त वेळापत्रक ठरवून देतो आणि दुसऱ्याला गुन्ह्याच्या दारात नेऊन उभा करतो. राजकीय समता मिळाली तरी सामाजिक आणि आर्थिक विषमता राहिली, तर ती समता पोकळ ठरते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावले होते. ती विषमता विमानतळावर सामान तपासताना काढून घेत नाहीत. ती पोराबरोबर जाते.

कागदावर वीस, प्रत्यक्षात चाळीस

एकविसाव्या तासाचे पुढे काय होते, याचे एक मोठे उदाहरण जगासमोर आहे. २०१५ साली ऑस्ट्रेलियात सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या साखळीतला घोटाळा उघड झाला. त्या दुकानांत काम करणाऱ्यांत परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, भारतातलेही होते. तेव्हा तिथे पंधरवड्याला चाळीस तासांची, म्हणजे आठवड्याला वीस तासांची मर्यादा होती. अनेक दुकानांत पद्धत अशी होती की पोराकडून चाळीस तास काम करून घ्यायचे, हजेरीत वीस दाखवायचे आणि पगार वीस तासांचा द्यायचा. म्हणजे मजुरी निम्मी. पोराने तोंड उघडले की मालक म्हणणार, जा तक्रार कर, तू नियम मोडलास, तुझाच व्हिसा जाईल. प्रकरण बाहेर आल्यावर कामगारांना १५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त बुडालेली मजुरी परत करावी लागली.

नियमाची खरी गोम इथे आहे. आपल्या देशात कामाच्या तासांची लढाई आपल्याला नवी नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. ती मर्यादा मालकावर होती. ती मोडली तर मालक दोषी आणि कामगार तक्रारदार. व्हिसाची वीस तासांची मर्यादा कामगारावर आहे. ती मोडली तर मालकालाही शिक्षा होऊ शकते, पण पोराचे शिक्षण, व्हिसा, कर्ज, घरच्यांची पत, सगळेच जाते. म्हणून मजुरी बुडाली तरी तो गप्प बसतो. दिसायला दोन्ही तासांच्याच मर्यादा, पण एकीने कामगाराला आवाज दिला आणि दुसरी तो काढून घेते.

ही मर्यादा विद्यार्थ्याच्या अभ्यासासाठीच आहे, असे ही सरकारे सांगतात. तसे असते तर ती गरजेप्रमाणे वरखाली झाली नसती. कोरोनानंतर माणसे मिळेनात तेव्हा ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०२२ मध्ये मर्यादा उठवली, आणि माणसे मिळू लागल्यावर जुलै २०२३ मध्ये परत लावली. कॅनडानेही नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ हेच केले. त्या काळात विद्यार्थ्यांचा अभ्यास कमी झाला होता का? नाही. दुकानांना, गोदामांना, वृद्धाश्रमांना हात कमी पडत होते. हा नळ आहे, लागेल तेव्हा सोडायचा, नको तेव्हा बंद करायचा. आपले पोर त्या नळाचे पाणी आहे, हे विसरू नका.

आपले सरकार किती तास देते?

परक्या सरकारला बोल लावून मोकळे होणे सोपे आहे. आता आपल्या सरकारकडे वळू.

अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. देशभरासाठी १२५ जागा, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मिळून ७५ जागा. या योजनांमुळे आपली शेकडो पोरे शिकली, हे मान्यच केले पाहिजे. पण केंद्राच्या योजनेच्या मार्गदर्शक सूचना उघडून वाचा. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्याला निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड. म्हणजे महिन्याला ८२५. वरखर्चाचे वर्षाला १,११६ पौंड धरले तरी महिन्याला ९१८. लंडनबाहेरचा १,१७१ चा आकडाही यात गाठला जात नाही. लंडनसाठी ब्रिटिश सरकार नऊ महिन्यांचे १३,७६१ पौंड धरते आणि आपले सरकार बारा महिन्यांचे ९,९०० देते.

मग पोराने उरलेले कमवावे का? तर त्याच सूचनांत लिहिले आहे की संशोधन किंवा अध्यापन सहायक म्हणून ब्रिटनमध्ये वर्षाला १,५६० पौंडांपर्यंत आणि अमेरिकेत २,४०० डॉलरपर्यंतच कमवता येईल. त्यावर मिळाले तर तेवढा निर्वाह भत्ता कापला जाईल. १,५६० पौंड म्हणजे किमान वेतनाच्या दरानेसुद्धा वर्षाला सुमारे १२८ तास, आठवड्याला जेमतेम अडीच तास!

ब्रिटनचे सरकार वीस तास देते आणि आपले सरकार अडीच तासांच्या कमाईनंतर कात्री काढते. तीही कोणत्या कामावर? विद्यापीठात शिकवण्याच्या आणि संशोधनाच्या कामावर! ज्या कामाने पोराचा अनुभव वाढेल, प्राध्यापकांशी ओळख होईल, पुढची वाट उघडेल, त्यावरच ही कात्री आहे. गुणवत्तेवर मिळालेल्या कामाचा हा दंड नाही तर काय आहे?

आणि हे सगळे पैसे वेळेवर आले तर. माझ्या ओळखीची एक मुलगी शिष्यवृत्तीवर गेली. दुसऱ्या सत्राचा हप्ता एका कार्यालयात कागदावर कागद मागत अडकला. घरभाडे थकले, तेव्हा तिने एका हॉटेलात रात्रीच्या शिफ्ट घेतल्या. शिष्यवृत्ती मंजूर असलेली मुलगी भांडी घासत होती आणि फाइल टेबलावर पडून होती. भांडी घासण्यात कमीपणा नाही. कमीपणा फाइल अडवणाऱ्यांचा आहे. २०२५ च्या जुलैत तर केंद्राच्या योजनेत निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रे मिळाली आणि ६६ जणांना निधी उपलब्ध झाला तर, असे सांगण्यात आले. सप्टेंबरमध्ये वर्ग भरणार आणि जुलैत निधीचा पत्ता नाही!

बाबासाहेबांचा वेळ कोणी विकत घेतला?

काही ज्येष्ठ म्हणतात, "बाबासाहेब पावाच्या तुकड्यावर राहिले, अठरा तास अभ्यास केला. आताच्या पोरांना कामाच्या तासांचे काय कौतुक?" ज्येष्ठांचा मान राखून मला याला उत्तर द्यायचे आहे.

१९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. त्यांच्या हालअपेष्टा खऱ्या आहेत, पण त्या काळात अभ्यासाचे तास विकून त्यांना पोट भरावे लागले नाही. सयाजीरावांनी बाबासाहेबांचा वेळ विकत घेतला आणि तो अभ्यासाला दिला. शिष्यवृत्ती संपली तेव्हा काय झाले? १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. मग बडोद्याची नोकरी, तिथला अपमान, सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी, तिथली बचत, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राचे पाच हजारांचे कर्ज, आणि १९२० साली पुन्हा लंडन. तीन वर्षे मोडली. बुद्धी तीच होती, कष्टाची तयारी तीच होती. फक्त पैसे थांबले होते.

ही गोष्ट बाबासाहेब विसरले नाहीत. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद मागितली. आमच्या पोरांना तिकडे हॉटेलात काम मिळवून द्या, अशी मागणी त्यांनी केली नाही. त्यांनी सरकारी तिजोरीतून हक्क मागितला. पोरांनी त्यागाचा आदर्श घ्यावा, पण सरकारने त्या त्यागाच्या आड लपू नये.

दुसरा आक्षेप असा की नियम मोडणाऱ्यांची बाजू घेऊ नका, त्यांच्यामुळे बाकीच्यांची वाट बंद होते. मी बाजू घेत नाही. विहारात येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हेच सांगतो की एकविसावा तास करू नकोस, रोख पगार घेऊ नकोस, पगारपत्रक मागून घे. पण उपाशी माणसाला नुसता नियम वाचून दाखवणे म्हणजे प्रबोधन नव्हे.

आपण काय करायचे?

सरकारकडे मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, निर्वाह भत्ता त्या त्या देशाने व्हिसासाठी ठरवलेल्या रकमेला जोडा, ती वाढली की भत्ता आपोआप वाढला पाहिजे. दोन, अध्यापन आणि संशोधनाच्या कमाईवरची १,५६० पौंड आणि २,४०० डॉलरची कात्री काढून टाका. तीन, पहिला हप्ता विमानात बसण्याआधी आणि पुढचे हप्ते ठरल्या तारखेला द्या. चार, पालघरच्या समाजकल्याण कार्यालयाने दर वर्षी प्रवेशाच्या आधी वसई-विरारमध्ये मार्गदर्शन शिबिर घ्यावे, आणि तिथे नियम पूर्ण सांगावेत, अर्धे नाही.

पण सरकारची वाट पाहत बसायचे नाही. प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार या हिशोबासाठी ठेवा. फी, भाडे, व्हिसाची रक्कम, कर्जाचा हप्ता, आणि समोर वीस तासांची कमाई, सगळे आईवडिलांसमोर कागदावर मांडा. हिशोब बसत नसेल तर एक वर्ष थांबून शिष्यवृत्तीची तयारी करायला लावा. जर्मनीसारख्या देशात बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क घेत नाहीत. तिथे राहण्याचे पैसे आधी खात्यात दाखवावे लागतात, तरी फीचा डोंगर नसतो, तोही पर्याय तपासा. तिकडे गेलेल्या आपल्या पोरांची यादी करा आणि जाणाऱ्या प्रत्येकाला एक जुना विद्यार्थी जोडून द्या. त्यांना सांगा की कामाचे तास रोज वहीत लिहा. विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रात जा. ब्रिटनमध्ये स्टुडंट व्हिसावर असतानाही कामगार युनियनचे सभासद होता येते, ते व्हा. बाबासाहेबांनी 'संघटित व्हा' म्हटले ते फक्त भारतापुरते नव्हते.

त्या वडिलांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. पत्रक घडी करून त्यांनी खिशात ठेवले आणि म्हणाले, "मग आता या वर्षी नाही पाठवत." मला क्षणभर वाईट वाटले, आपण एका पोरीची वाट अडवली की काय. पण पुढच्या रविवारी ती पोरगी स्वतः विहारात आली. हातात शिष्यवृत्तीच्या अर्जाची यादी होती. म्हणाली, "सर, जायचं तर आहेच. पण तिकडे जाऊन शिकायचंय मला, नुसतं कमवायला नाही जायचं."

तिला तिचा वेळ मिळवून देणे, हे आता आपले काम आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!